सकपाळकाकांचा स्वाध्याय

बातमी आली तेव्हा मी नेरूळच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. पिशवीत मोबाईल वाजला म्हणून काढला, तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप. त्या ग्रुपवर एरवी सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि कुणाच्या तरी भाच्याला नोकरी हवी असल्याची माहिती, एवढंच येतं. त्यामुळे सवयीने वाचलं आणि पुढे सरकले. मग परत मागे गेले. ‘आपले सकपाळकाका आज सकाळी वारले.’ खाली एकामागून एक जोडलेले हात येत होते. मीही तसेच जोडलेले हात पाठवले, भाजीवाल्याला ‘दे ही जुडी’ म्हटलं आणि घरी आले. ओट्यावर पिशवी ठेवली आणि तिथेच स्टुलावर बसले... काय बाई मी! ज्या माणसाशी माझं एक बोलणं चार वर्षं राहून गेलं होतं, त्याला मी मोबाईलमधले दोन पिवळे हात पाठवून मोकळी झाले होते.

ते बोलणं काय होतं, ते आधीच सांगून टाकते. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं की, काका, तुमचा तो स्वाध्याय बरोबर होता, चुकले होते मी. बस्स, एक वाक्य. नेरूळहून कळंबोली काही परदेश नाही, तासाभरात पोचतो माणूस. फोन तर हातातच असतो. पण दिवाळी झाली की जाऊ, परीक्षा संपल्या की जाऊ, असं करत राहिले, आणि खरं सांगायचं तर शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे चूक कबूल करायची म्हणजे जीभ जरा जड होते. आता ती जड जीभ घेऊन बसा!

मी दूरशिक्षणाच्या बीएच्या वर्गाला मराठी शिकवते. रविवारी सकाळी, कळंबोलीतल्या एका प्राथमिक शाळेत. बाकं पहिली-दुसरीच्या मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात. खिडकीबाहेर ट्रेलरांचे हॉर्न चालू असतात, आणि मी आत अलंकार शिकवत असते. वर्गात नर्सिंगवाल्या मुली, एक-दोन हवालदार, द्रोणागिरीच्या गोदामांत काम करणारी पोरं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्यात एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ येऊन बसला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, डाव्या हाताची करंगळी अर्धी. रघुनाथ सकपाळ. लोखंड बाजारात सळयांच्या मोळीला वायरचा दोर अडकवायचा आणि क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. करंगळी तिथेच गेलेली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते, बीए कशाला करताय? कुणी प्रमोशन म्हणालं, कुणी स्पर्धा परीक्षा, एक मुलगी म्हणाली, नाहीतर घरचे लग्न लावून देतील म्हणून. हे उठून उभे राहिले. बसून बोला म्हटलं तरी उभेच. ‘मॅडम, मला बोलायला शिकायचंय. नीट.’ पोरं हसली. मलाही वाटलं, व्यक्तिमत्त्व विकास वगैरे असेल. ‘काका, इथे भाषण नाही शिकवत, इथे साहित्य असतं,’ मी म्हटलं. ‘हां, तेच,’ असं म्हणून ते खाली बसले.

वर्गात त्यांचा मला त्रासच होता, हे आज लपवत नाही. मी भरभर बोलायला लागले की क्रेनवाल्याला थांबवावं तशी मूठ वर करायचे. सगळा वर्ग मान वळवून बघायचा. थांबावंच लागे. आणि त्यांचे प्रश्न! एकदा एका कथेतलं वातावरण, भाषा, प्रतिमा असं सगळं मी रंगात येऊन सांगत होते, तर मूठ वर. ‘मॅडम, हा मानूस सकाळी घरातनं निघाला आन् संध्याकाळी पोचला. मधी जेवला कुठं?’ मी म्हटलं, ‘काका, ते महत्त्वाचं नाही.’ ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘जेवला कुठं ते म्हत्त्वाचं नाय?’ त्यांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मी मात्र मनात म्हटलं, झालं, आता ह्यांना कथा म्हणजे मस्टर वाटतंय!

दुसऱ्या वर्षी अभ्यासात एक कथा होती. नाव सांगत नाही, लेखकाचा यात काही दोष नाही. खाडीवर पूल बांधायचं काम चालू आहे, एक तरुण इंजिनिअर तिथे नवीन लागलाय. पहिल्याच पानावर एक मजूर वरून पडतो आणि मरतो. मग पुढची बारा पानं त्या इंजिनिअरच्या मनातली घालमेल... चूक कोणाची, आपण गप्प बसलो ते बरोबर का, राजीनामा द्यावा का. कथा चांगली आहे, मी वर्षानुवर्षं शिकवत आले. मजुराला कथेत नाव नाही. ‘तो मजूर’ एवढंच. मी स्वाध्याय दिला, ‘कथा वाचून तुमचा प्रतिसाद दोन पानांत लिहा. वीस गुण.’ पुढच्या रविवारी गठ्ठा आला. घरी चहा घेऊन तपासायला बसले. गाईडमधून उतरवलेलं ओळखायला मला दोन ओळी पुरतात. ‘प्रस्तुत कथेतून लेखकाने मानवी मनाचे सूक्ष्म चित्रण केले आहे’ हे वाक्य त्या दिवशी मी सतरा-अठरा वेळा वाचलं असेल. मग सकपाळकाकांचा कागद आला. सुरुवात अशी: ‘जमलेल्या बंधू-भगिनींनो, आज आपण ज्यांच्यासाठी इथं बसलो आहोत, त्यांचं नाव लेखकाला माहीत नाही. म्हणून मीही घेत नाही.’

मला आधी हसू आलं, मग राग आला. दोन पानं त्यांनी त्या मजुरावर लिहिली होती, इंजिनिअरचं नावसुद्धा नाही! ‘त्यांनी चपला काढून जोडीने ठेवल्या होत्या, तोंड रस्त्याकडे करून. म्हणजे संध्याकाळी घरी जायची त्यांना घाई होती.’ ‘फडक्यात दोन भाकऱ्या होत्या, त्यातली एक अर्धी खाल्लेली. अजून जेवणाची सुट्टी झालेली नव्हती. म्हणजे सकाळीच भूक लागली होती. म्हणजे आदल्या रात्री ते पोटभर जेवले नव्हते, किंवा दुसऱ्या कुणाला जेवू घातलं होतं. मी दुसरं धरतो.’ ‘इंजिनिअर साहेबांना ते बाळ म्हणाले. साहेबांना बाळ म्हणणारा माणूस पन्नाशीच्या पुढचा असणार आणि त्याच्या घरात त्या वयाचा मुलगा असणार.’ असं करत करत कथेच्या पहिल्या पानावरचं एकेक तुकडा उचलून त्यांनी अख्खा माणूस उभा केला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘बारा पानं झाली तरी त्यांच्या घरी निरोप कोणी नेला ते लिहिलेलं नाही. मी वाट बघत होतो.’ हे मला आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी लाल पेन उचललं आणि खाली लिहिलं, ‘हा प्रतिसाद नाही, हे भाषण आहे. कथेचा विषय इंजिनिअरचे अंतर्द्वंद्व हा आहे. असे पुन्हा लिहू नये.’ आणि वीसपैकी चार.

कागद परत दिले तेव्हा ते नेहमीप्रमाणे उभे राहिले. मूठ वर नव्हती. ‘मॅडम, आमच्यात मानूस गेला की असंच बोलतात. शोकसभेत. मी बोलतो.’ आता कळतं, त्या माणसाने केवढं दार उघडलं होतं माझ्यासाठी. मी काय म्हणावं? ‘तुमच्यात काय करतात ते तुमच्याजवळ, इथे आपण साहित्य शिकतोय, सभा नाही भरवत.’ ‘तुमच्यात’ या शब्दाला जी धार असते, ती मला त्या क्षणी कळली नाही असं मी म्हणणार नाही. कळली होती. पण शब्द निघून गेला होता आणि मी फळ्याकडे वळले. ते खाली बसले. ज्यांना कमी गुण होते त्यांना पुन्हा लिहायची सवलत होती, म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी नवा कागद दिला. ‘प्रस्तुत कथेतून लेखकाने मानवी मनाचे सूक्ष्म चित्रण केले आहे...’ दोन पानं, सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी चौदा गुण दिले. वर शेरा मारला, ‘छान सुधारणा.’ देवा!

त्यानंतर मूठ कमी वर जायला लागली. मला बरंच वाटलं, वर्ग कसा सुरळीत चालतोय म्हणून. तिसऱ्या वर्षाअखेर ते बीए झाले, वर्गाला मोतीचुराचे लाडू वाटले, माझ्या पाया पडू लागले तेव्हा मी मागे सरकले, आमच्या दोघांच्या वयात काही फार अंतर नव्हतं. पहिल्या कागदाचं पुढे काय झालं माहीत नाही. जुन्या स्वाध्यायांचे गठ्ठे दर वर्षी रद्दीत जातात, त्यातच गेला असणार.

चार वर्षांपूर्वी माझे वडील गेले. साताऱ्याला दिवसकार्य आटपून मी नेरूळला परतले, तर भेटायला येणाऱ्यांची रीघ. सोसायटीतले, कॉलेजातले. सगळी चांगलीच माणसं, पण प्रत्येकजण तेच बोलायचा. वय झालं होतं, सुटले, फार सज्जन माणूस... ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं तेसुद्धा म्हणायचे, फार सज्जन. मी मान डोलवायचे आणि आतून कोरडी होत जायचे. एका दुपारी सकपाळकाका आले. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, ‘मॅडम, तुमचे बाबा चहा कसा प्यायचे?’ मला कळेचना. म्हटलं, ‘कसा म्हणजे... बशीत ओतून.’ ‘बशी कुठल्या हातात धरायचे?’ आणि मी बोलायला लागले. बशी डाव्या हातात, कारण उजव्या हाताने पेपर धरायचे. पेपर शेवटच्या पानावरून वाचत पुढे यायचे. पहिलं पान रडवायचं त्यांना, म्हणून ते चहा संपल्यावर. मी बोलत होते, रडत होते, मध्येच हसत होते. तास-दीड तास तरी गेला असेल. वडील गेल्यापासून माझे वडील पहिल्यांदा त्या खोलीत आले होते. काका फक्त अधूनमधून विचारायचे, ‘मग?’

ते जायला उठले तेव्हा तो कागद माझ्यासमोर लख्ख उभा राहिला. भाकरी, चपला, बाळ... अगं बाई, हा माणूस तिथेही हेच करत होता! कथेत जे कुणी वाचलं नाही, मीसुद्धा नाही, ते ह्याने वाचलं होतं, आणि मी त्यालाच म्हटलं, असे पुन्हा लिहू नये. बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं दुसरंच, ‘काका, अजून बोलता ना शोकसभांतून?’ ते चपला घालत होते. ‘नाय आता. वय झालं.’ मी म्हटलं, ‘असं कसं, बोलत राहा.’ ते हसले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर एकदाच भेटले, एपीएमसी मार्केटच्या थांब्यावर. म्हटलं, आत्ता सांगून टाकते. तेवढ्यात त्यांची बस आली, ‘मॅडम, येतो’ म्हणून ते चढले, आणि मी हात हलवला. दुसरी बस पकडून मागे गेले असते तर काय बिघडलं असतं?

ते गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला. जलदान विधी रविवारी आहे, नंतर शोकसभा, आणि बाबांच्या बीएच्या मॅडम म्हणून तुम्ही दोन शब्द बोलाल का? मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. काय बोलणार होते मी? मला त्यांच्याबद्दल माहीत काय होतं... शर्ट, दोन पेनं, मूठ. मग सरळ उठले आणि शुक्रवारी कळंबोलीला त्यांच्या घरी गेले. सुमनताई, त्यांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले आणि काका विचारायचे तसं विचारायला लागले. पहिल्यांदा मलाच अवघडल्यासारखं झालं, पण त्या बोलू लागल्या. काका आमटीत भात कधीच कालवायचे नाहीत, आधी कोरडा भात खायचे मग वाटी तोंडाला लावायचे. क्रेनच्या खुणा अंगात इतक्या भिनल्या होत्या की नातवाला अंघोळीला बोलवतानाही बोट वर करून गोल फिरवायचे. शोकसभेत बोलायचं असलं की दोन दिवस आधी त्या घरी जाऊन बसायचे, जी गोष्ट दुसऱ्या कुणाचं नाव घालूनही सांगता येईल ती बोलायची नाही, असा त्यांचा नेम होता. ‘मग गावकीतला, आमच्या गाववाल्यांच्या मंडळातला, एक शिकलेला पोरगा बोल्ला,’ सुमनताई म्हणाल्या, ‘काका, तुमचं बोलनं गावठी वाटतं, माईक आता दुसऱ्याला द्या. म्हनून तर कॉलेजात नाव घातलं त्यांनी. बोल्ले, मानसाबद्दल बोलायचं मंजे नीट शिकूनच बोलायला पायजे.’ पहिल्या रविवारचं ते ‘नीट’ मला आज उलगडत होतं. ‘तुमचं लय नाव घ्यायचे,’ त्या पुढे म्हणाल्या, ‘त्या गोष्टीवर लिवलेलं, तुमी चौदा मार्क दिले, तर पेढे आनले होते घरात.’ मी खाली सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघत बसले. त्यांनी चहा पुढे केला तो थंड झाला.

रविवारी समाजमंदिरात पोचले. पांढरे कपडे, मेणबत्त्या, फुलांमागे काकांचा फोटो, तोच इस्त्रीचा शर्ट. त्रिशरण, पंचशील झालं. भाषणं सुरू झाली. गावकीचे चिटणीस, बाजारातले सहकारी, एक नगरसेवकाचा माणूस. कष्टाळू, मनमिळाऊ, समाजाची न भरून येणारी हानी. मग माझं नाव पुकारलं. माईकपाशी गेले. चिठ्ठी हातात होती, आमटी-भात, नातवाची अंघोळ, सगळं लिहून आणलं होतं. आणि समोर इतकी माणसं बघितल्यावर तोंडातून काय निघावं? ‘सकपाळकाका हे अतिशय मनमिळाऊ आणि जिज्ञासू विद्यार्थी होते. त्यांच्या जाण्याने...’ माझाच आवाज मला ऐकू आला. तीस वर्षं पोरांना लिहायला लावलेलं आता मी स्वतः बोलत होते. थांबले. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला, त्यांना वाटलं रडू आलं. पाणी प्यायले आणि म्हटलं, ‘माफ करा, हे सगळं खोटं आहे. म्हणजे खोटं नाही, पण हे कुणाबद्दलही बोलता येतं. मी काकांना वीसपैकी चार गुण दिले होते, ते सांगायला मी आले आहे.’ आणि सांगितलं. मजूर, चपला, अर्धी भाकरी, बाळ, माझं लाल पेन, ‘असे पुन्हा लिहू नये’, आणि ‘तुमच्यात’ हा शब्दसुद्धा. त्यांनी लिहिलेलं जेवढं आठवत होतं तेवढं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ‘ते बरोबर होते आणि मी चुकले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. भ्याले.’ आणि खाली येऊन बसले. सुमनताई पहिल्या ओळीत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, ‘चार? मला नाय सांगितलं त्यांनी कधी.’

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. जेवणाच्या पंगती बसत होत्या, मी निघायच्या बेतात चपला शोधत होते, तर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. काठी टेकत, पांढरी टोपी. तात्या, काकांच्या गावचे, त्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर राहणारे. ‘बाई, किती वर्सं झाली त्या कागदाला?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘सात-आठ झाली असतील.’ ते बोटांवर काहीतरी जुळवत राहिले. ‘मंजे त्याच वक्ताला,’ ते म्हणाले. ‘त्याच्यानंतर रघुनाथ माईकवर उभा नाय राह्यला. माझा भाऊ गेला पाच वर्सांखाली. मी त्याच्या घरी दोनदा गेलो, हातापाया पडलो, बोल्लो, रघू, तू बोल बाबा, तो तुझा लंगोटीयार. तर बोल्ला, तात्या, मला ते बरोबर जमत नाय, शिकलेल्या मानसांनी तपासून सांगितलंय. आमाला वाटलं, आता बीए झाला, मोठा झाला, आमच्यात बोलायची लाज वाटती. मी दोन वर्सं त्याच्याशी बोललो नाय...’ तात्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते मला दोष देत नव्हते, नुसता हिशेब लावल्यासारखं सांगत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘मग तुमच्या भावासाठी कोण बोललं?’ मी विचारलं. ‘चिटनीस. मनमिळाऊ होता बोल्ले.’ त्यांनी बाहीने डोळे पुसले. ‘मनमिळाऊ कुठला! भांडखोर होता एक नंबरचा.’

वय झालं म्हणून नव्हे, माझ्या त्या एका ओळीमुळे या माणसाने बोलणं सोडलं होतं. त्या वर्षांत त्या गावकीतली किती माणसं गेली असतील, आणि प्रत्येकाला तीच चार विशेषणं मिळाली असतील. आणि काकांनी माझ्या घरी येऊन माझ्या वडिलांची बशी कुठल्या हातात होती ते विचारलं. एका शब्दाने कधी मला जाणवू दिलं नाही. हे सगळं मी कुणापाशी घेऊन जाणार होते? माफी मागायची तर ती मागायला माणूस उरला नव्हता. मी तात्यांना म्हटलं, ‘पुढच्या शनिवारी घरी असाल का?’ ते म्हणाले, ‘आमी कुठं जातोय?’

शनिवारी गेले. तळमजल्याची खोली, खिडकीबाहेर ट्रकचं गॅरेज, घरात तात्या आणि त्यांची पत्नी. मी वही काढली आणि विचारलं, ‘तुमचे भाऊ भांडायचे कशावरून?’ तात्या आधी कचरले, मग सुरू झाले. कॅरमवरून. कॅरमची पावडर कमी टाकली म्हणून मेहुण्याशी तीन महिने अबोला. पाहुण्यांना मासळी वाढताना मधला तुकडा दुसऱ्याला आणि शेपटी स्वतःला घ्यायचे, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर त्यावरूनही भांडायचे. बायको आजारी होती तेव्हा तिची वेणी स्वतः घालायचे, दार लावून, कुणी बघू नये म्हणून. तात्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, ‘वाकडी घालायचे, मी सोडून परत घालायची.’ दोघं हसले. माझी चार पानं भरली होती. तात्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, ‘बाई, एवडं लिवून घेतलंत, पन आता हे बोलनार कुनापुढं? त्याची सभा होऊन पाच वर्सं झाली.’

मी दोघांकडे बघितलं. दोघंच होते. मग मी पदर सारखा केला, खुर्ची मागे सारली आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत उभी राहिले. तात्यांना कळलं. त्यांनी टोपी नीट केली, पत्नीला हाक मारली, त्या ओले हात पुसत येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. ‘जमलेल्या बंधू-भगिनींनो,’ मी म्हटलं, आणि त्यांच्या भावाचं नाव घेतलं.